निपाणीला थांबणारा माल

कारखाना विकायचं ठरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पद्मावती चौगुले रबराचा प्रेस पुसत होत्या, तेव्हा पुण्याहून आलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पाठीला पिशवी, बुटांवर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीची धूळ. आत येऊ का म्हणून विचारलं आणि खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, "काकी, युनिट विकताय असं गल्लीत कळलं. बंद करू नका. तुम्ही थांबलात तर एकोणिसाव्या दिवशी बेंगळुरूतला एक मोठा कारखाना थांबेल."

पद्मावतीबाईंनी हात फडक्याला पुसले. "बेंगळुरूत माझं कोण नाही, बाळ. तुला दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता पाहिजे असेल."

मुलीनं हातातल्या कागदावर पुन्हा नजर टाकली. पत्ता हाच होता.

तिचं नाव शर्वरी केळुसकर. मूळची मालवणची, नोकरी पुण्याच्या पुरवठा-साखळी केंद्रात. हे केंद्र काढावं लागलं ते २०३९च्या हिवाळ्यानंतर. त्या वर्षी देशात इन्सुलिनच्या पेनांचा दोन महिने तुटवडा पडला. कारण शोधता शोधता लोक जिथं पोचले तिथं एक म्हातारा स्प्रिंगवाला सापडला. त्यानं वयोमानानं दुकान बंद केलं होतं, एवढंच. पेन बनवणाऱ्या कंपनीला तो माणूस या जगात आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना फक्त आपल्याला माल देणारा ठाऊक होता, आणि त्या माल देणाऱ्याला त्याच्या आधीचा.

"पण माझं कुठनं कळलं तुम्हाला?" पद्मावतीबाईंनी विचारलं. "मी पलीकडच्या गल्लीतल्या झडपवाल्यांना माल देते, थोडा बेळगावच्या एका एजंटला. द्राक्षबागांच्या फवारणी पंपात जातात माझे पडदे."

त्यांचे पडदे म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढ्या रबराच्या पातळ चकत्या. झडपेच्या आत बसायचं आणि दाब आला की वाकायचं, दाब गेला की सरळ व्हायचं, एवढंच त्यांचं काम. दोन प्रेस, रबर मळायची एक मिक्सिंग मिल, सात बायका, आणि पद्मावतीबाई. बारा वर्षांपूर्वी नवरा शांतिनाथ अचानक गेले तेव्हापासून हा सगळा पसारा त्यांनी एकटीनं ओढला होता. आता खांदे दुखत होते. मुलगी त्रिशला नाशिकला बोलावत होती. जागा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्याला द्यायचा शब्दही झाला होता.

शर्वरीनं पिशवीतून रुमालासारखा घडीचा स्क्रीन काढला आणि पॅकिंगच्या टेबलावर पसरला. त्यावर लाखो ठिपके उजळले, आणि ठिपक्यांमधून केसाएवढ्या रेषा.

"एकेक ठिपका म्हणजे एकेक कारखाना," ती म्हणाली. "कोण कुणाला माल देतं हे कंपन्या सांगत नाहीत, पुष्कळदा त्यांना माहीतच नसतं. म्हणून आम्ही नाडी बघतो. विजेचा मीटर हल्ली दर सेकंदाला नोंद करतो ना? तुमचा प्रेस तापतो तेव्हा विजेचा एक ठरावीक चढउतार होतो. नऊ दिवसांनी झडपवाल्यांकडे चढउतार होतो, मग सोळाव्या दिवशी त्या झडपांची जुळणी करणाऱ्या हुबळीच्या कारखान्यात, मग बेंगळुरूला. एकदा झालं तर तो योगायोग. सहा वर्षं, शंभर वेळा, त्याच क्रमानं झालं तर तो संबंध. त्याला मालवाहू ट्रकांच्या परवान्यांची जोड दिली की साखळी दिसायला लागते."

"म्हणजे माझ्या मीटरवरनं माझी चौकशी चाललीय होय?"

"ठिपक्याला नाव नसतं, काकी. नाव फक्त प्रत्यक्ष तपासणीला यायचं झालं तरच उघडतात. आणि इथं यावंच लागलं." शर्वरीनं कुपवाडच्या एका बारक्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आम्ही एक प्रयोग करतो. एकेक ठिपका नकाशातून काढून टाकायचा आणि पुढं काय होतं ते यंत्राला मोजायला लावायचं. बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, शेजारचा कुणीतरी ती जागा भरून काढतो. मोठमोठे कारखाने काढले तरी साखळी सावरते. तुमचा काढला तर नाही सावरत. हे बघा."

तिनं ठिपका विझवला. झडपवाल्यांचा ठिपका पिवळा झाला, मग हुबळीचा. रेषा एकामागून एक मालवत गेल्या आणि दक्षिणेकडचा एक मोठा ठिपका लाल झाला. खाली आकडा आला: एकोणीस.

"काय बनवतात तिथं?"

"अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास द्यायची यंत्रं. मिनिटाला चाळीस श्वास. म्हणजे दिवसाला सत्तावन्न हजार सहाशे वेळा तुमचा पडदा वाकतो आणि सरळ होतो. दुसरे सगळे पडदे तीन-चार महिन्यांत चिरतात. तुमचा दीड वर्ष टिकतो."

मिलपाशी उभ्या असलेल्या नसीमा मुजावरनं हातातलं काम थांबवलं. ती इथं अकरा वर्षं होती. "काकी," ती म्हणाली, "माझ्या नणंदेचा पोरगा सातव्या महिन्यातला. मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता की तेवीस दिवस."

तो पोरगा आता शाळेत जातो हे सगळ्यांना माहीत होतं.

शर्वरीला तपासायची आणखी एक गोष्ट होती. ती जराशी अवघडूनच बोलली. "तुमच्याकडून दर महिन्याला चारशे पडदे बेळगावच्या एका एजंटकडे जातात. जवळजवळ बारा वर्षं, एक महिना न चुकता. तिथून ते निपाणीला जातात, एका घराच्या खोलीत. त्या खोलीत एक दिवा, एक पंखा आणि एक बारकं यंत्र चालतं. त्यापुढं मालाचा धंदा म्हणावा असं काहीच नाही. आमच्या यंत्राच्या मते हा संबंध चूक आहे, कारण यात कुणाचाच फायदा नाही. फक्त मधूनमधून तिथून कुरिअरची पाकिटं निघतात, देशभर. तुम्ही पट्टणशेट्टी नावाच्या कुणाला ओळखता का?"

पद्मावतीबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

"ओळखते," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं माझा नवरा मारला."

*

संध्याकाळी त्यांनी त्रिशलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आई, तू जाऊ नकोस तिकडं," त्रिशला म्हणाली. "बाबा गेले तेव्हापासून तू त्या माणसाचं नाव घरात काढू दिलं नाहीस. आता काय म्हणून जायचं?"

"बारा वर्षं माझा माल का घेतला ते विचारायला."

"दया आली असेल."

"मग तेच तोंडावर विचारते की. दयेवर चालत होता का माझा कारखाना, हे मला कळलं पाहिजे."

गोष्ट अशी होती. मल्लिकार्जुन पट्टणशेट्टी तेव्हा कोल्हापूरच्या एका झडपांच्या कारखान्यात तपासनीस होते. शांतिनाथांनी पाठवलेला सहा हजार पडद्यांचा लॉट त्यांनी नापास केला. शेरा होता: जाडी कमी. शांतिनाथ दिवसभर त्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले, कुणी आत घेतलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "माप बरोबर होतं गं." पाचव्या दिवशी प्रेससमोर खाली बसले ते उठलेच नाहीत.

*

निपाणीत बसमधून उतरल्यावर हवेत तंबाखूचा वास होता. वखारींच्या मागच्या बोळात घर सापडलं. दार उघडंच होतं. आतून टक-टक असा बारीक, न थांबणारा आवाज येत होता.

खोलीत टेबलावर एक घरगुती बनावटीचं यंत्र होतं. त्यात बारा पडदे बसवलेले, हवेच्या दाबानं सारखे वाकत होते, सरळ होत होते. बाजूला फळीवर वह्या. त्यासमोर जाड भिंगांचा चष्मा लावलेला सत्तरीचा एक माणूस बसला होता. त्यानं वर पाहिलं, आणि उठायचा प्रयत्न करताना त्याला खुर्चीचा हात सापडेना.

"वहिनी," तो म्हणाला.

"वहिनी म्हणू नका. माझा माल का घेता ते सांगा."

पट्टणशेट्टी उभेच राहिले. बसा म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. "तुमचा लॉट परत पाठवला, त्याच्या चार महिन्यांनी आमची मापाची उपकरणं तपासायला गेली. माझ्या जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये तीन शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. तुमच्या यजमानांचा लॉट चांगला होता. सहा हजारांतला एकसुद्धा खराब नव्हता. मी साहेबांना सांगितलं, त्यांना कळवू या. साहेब म्हणाले, माणूस गेलाय, आता कळवून काय उपयोग. मी नोकरी सोडली. कुपवाडला आलो होतो मी. तुमच्या फाटकापर्यंत आलो. तुम्ही प्रेसवर बसला होता. आत यायला पाय उचलला नाही."

पद्मावतीबाईंना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण ओरडू. दोन वेळा मनात वाक्यंसुद्धा जुळवून आणली होती. पण त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

"ते म्हणाले होते मला," त्या म्हणाल्या. "माप बरोबर होतं म्हणाले होते. आणि मी काय म्हटलं माहितेय? असू दे हो, झाली असेल तुमची चूक, माणूसच आहात. मी त्यांची समजूत घालत होते. माझासुद्धा विश्वास नव्हता."

त्या रडायला लागल्या. बारा वर्षांत एवढ्या मोकळेपणानं त्या रडल्या नव्हत्या. पट्टणशेट्टींनी आतून पाण्याचा तांब्या आणला, जवळ ठेवला आणि लांब जाऊन भिंतीशी उभे राहिले. यंत्राची टक-टक चालूच होती.

बऱ्याच वेळानं पद्मावतीबाईंनी डोळे पुसले. "ते बरोबर होते," त्या म्हणाल्या.

"बरोबर होते."

"मला हे कळलं, बरं झालं." मग त्यांनी वह्यांकडं बोट दाखवलं. "आणि हे काय?"

पट्टणशेट्टींनी वही उघडली. दर महिन्याच्या चारशेतले बारा पडदे ते या यंत्रावर लावत आणि फाटेपर्यंत चालवत. किती कोटी वेळा वाकला ते लिहून ठेवत. उरलेले पडदे पाकिटांतून पाठवत: पंप बनवणाऱ्यांना, झडपा बनवणाऱ्यांना, दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्यांना. सोबत आकड्यांचा कागद आणि एक ओळ: हा पडदा वापरून बघावा. त्रेसष्ट पत्त्यांवर अशी पाकिटं गेली होती. एकसष्ट जणांनी उत्तर दिलं नाही. एकानं पाठवू नका म्हणून कळवलं. आणि सहा वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका इंजिनिअर बाईंचा फोन आला.

"त्यांना मी कुपवाडच्या झडपवाल्यांचं नाव दिलं. म्हटलं, यांच्याकडून घ्या, आत हाच पडदा असतो. माझं नाव मधे नको होतं."

"म्हणजे ती बाळांची यंत्रं..."

"तुमच्या पडद्यामुळं चालतात, वहिनी. मी फक्त पाकिटं टाकली."

आता त्यांनी वहिनी म्हटलेलं पद्मावतीबाईंनी चालवून घेतलं.

*

परत आल्यावर त्यांनी शर्वरीला फोन केला. "तुझं यंत्र त्या संबंधाला चूक म्हणतं ना? चूक नाही म्हणावं. माझा सगळा रस्ता त्या खोलीतनंच गेलाय."

शर्वरीनं नकाशा पुन्हा उघडला. त्रेसष्ट पत्त्यांवर गेलेली कुरिअरची पाकिटं आणि बेंगळुरूची पहिली मागणी यांच्या तारखा तिनं शेजारी ठेवल्या. एवढ्या हलक्या पाकिटांना यंत्र माल धरतच नव्हतं, म्हणून ते निपाणीशी थांबत होतं. त्या दिवशी तिच्या केंद्रात या एका बाबीवर बराच वाद झाला, आणि मग यंत्राची ती अट बदलली.

पण मूळ प्रश्न तसाच होता. ठिपका महत्त्वाचा आहे ही बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही. एका मोठ्या कंपनीचे दोघं जण गाडी घेऊन आले आणि कारखाना नावासकट विकत मागू लागले. सरकारी अधिकारी 'संरक्षित घटक' अशी पाटी लावायची म्हणाले. पाटी लागली की चार वर्षं बंद करता येणार नाही. कोल्ड स्टोरेजवाला रोज फोन करत होता. त्रिशला म्हणाली, "आई, तू आयुष्यभर तिथं बांधली जाशील."

पद्मावतीबाईंनी शर्वरीलाच विचारलं. "खरं सांग. साखळीसाठी चांगलं काय? मी इथं बसून राहणं?"

"नाही," शर्वरी म्हणाली. "चांगलं म्हणजे तुमच्यासारखे दुसरे दोन असणं."

"मग दोन तयार करू या."

जागा चार महिन्यांनी देईन असं त्यांनी कोल्ड स्टोरेजवाल्याला कळवलं. कंपनीच्या माणसांना चहा दिला आणि नाही म्हटलं. हुबळीच्या एका रबरवाल्यानं आपली दोन माणसं शिकायला पाठवायचं कबूल केलं. आणि नसीमाला त्यांनी समोर बसवलं. "एक प्रेस तुझा. मिरजेत मालगाव रस्त्याला तुझ्या नवऱ्याची शेड रिकामी आहे ना? तिथं टाक."

"मला जमेल होय, काकी?"

"मला जमलं तेव्हा मी भाकरी सोडून काय केलं नव्हतं."

पण जमेना. मिश्रण तेच, साचा तोच, प्रेस तोच, तरी नसीमाच्या हातचे पडदे केंद्राच्या वेगवान चाचणी यंत्रावर निम्म्या वेळातच चिरत. हुबळीच्या माणसांचंही तेच. "मिलमधून शीट काढली की सहा तास ठेवायची," पद्मावतीबाई सांगत. नसीमा घड्याळ लावून सहा तास ठेवायची. महिनाभर पडदे फाटत राहिले. शेवटी नसीमा म्हणाली, "काकी, तुम्ही काय तरी लपवताय," आणि लगेच ओशाळली.

पद्मावतीबाई रागावल्या नाहीत. आपण काही लपवत नाही हे त्यांना माहीत होतं; आपण काय करतो हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी निपाणीला फोन लावला.

पट्टणशेट्टी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. फाटकापाशी थांबले. पद्मावतीबाईंनी आतून हाक मारली, "या की आत," तेव्हा आले.

चार दिवस ते कोपऱ्यात वही घेऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. हवेतला दमटपणा, शीटची उष्णता, पद्मावतीबाईंनी शीट कधी उचलली, सगळं लिहीत होते. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाले, "वहिनी, तुम्ही सहा तास कधीच ठेवत नाही. परवा पावणेसात ठेवली, काल नऊ, आज साडेपाच."

"मी तर सहाच म्हणते."

"म्हणता सहा. पण मधेच येता, शीटचा कोपरा दुमडता आणि सोडता. कोपरा उलगडायला किती वेळ लागतो ते बघता. मी मोजलंय. चार ते पाच सेकंदांत उलगडला की तुम्ही प्रेस लावता. लवकर उलगडला तर तशीच ठेवता."

पद्मावतीबाई आपल्याच बोटांकडे बघत राहिल्या. मिलमधून आलेलं रबर ताणलेलं असतं. त्याला सैल व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ हवेवर ठरतो. ताण उरलेला असताना साच्यात घातलं तर तो पडद्यात अडकून राहतो आणि तिथूनच चीर पडते. हे पट्टणशेट्टींनी समजावलं. पण कोपरा दुमडायची सवय कुठली, ते पद्मावतीबाईंना आपोआप आठवलं. शांतिनाथ तसं करायचे.

नसीमानं त्याच दिवशी शीटचा कोपरा दुमडला, सोडला, आणि मोठ्यानं आकडे मोजले.

*

मालगाव रस्त्याच्या शेडमध्ये नसीमाचा पहिला पाचशेचा लॉट तयार झाला, त्या दिवशी शर्वरी पुण्याहून आली. हुबळीचा लॉट आठवड्यापूर्वीच पास झाला होता. केंद्राच्या नियमानं तपासणी बाहेरच्या माणसाकडून व्हायला हवी होती आणि पद्मावतीबाईंनी एकच नाव सुचवलं होतं.

पट्टणशेट्टी खिडकीजवळ बसले. एकेक पडदा मायक्रोमीटरमध्ये धरायचे, वाचायचे, डाव्या ताटात टाकायचे. अर्ध्याहून जास्त लॉट झाला आणि त्यांचा हात थांबला. एक पडदा त्यांनी दोनदा मोजला. मग तो तसाच मुठीत धरून बसले.

पद्मावतीबाईंनी ते पाहिलं. त्या जवळ गेल्या. "काय झालं?"

"काही नाही, वहिनी."

"जाडी कमी आहे का?"

पट्टणशेट्टींनी मान वर केली नाही. "नसीमाचा पहिला लॉट आहे. आणि मी... मला नाही म्हणवत नाही."

नसीमा भिंतीला टेकून उभी होती. शर्वरीनं पाहिलं की पद्मावतीबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला आहे.

"पट्टणशेट्टी," त्या म्हणाल्या, "हा पडदा एखाद्या लेकराच्या छातीशी जायचाय. तुम्हाला मी डोळ्यांसाठी बोलावलंय. दुसरा मायक्रोमीटर घ्या, त्याच्यावर बघा. तेवढंच आलं तर काढा बाजूला. तुम्ही नाही म्हणालात तर मी ते खरं धरणार आहे."

त्यांनी दुसरा मायक्रोमीटर घेतला. तेवढंच आलं. पडदा उजव्या ताटात पडला. त्यानंतर त्यांचा हात थांबला नाही. शेवटी उजव्या ताटात अकरा पडदे होते, डाव्यात चारशे एकोणनव्वद. त्यांनी कागदावर आकडे लिहिले, सही केली आणि चष्मा काढून पुसत राहिले.

नसीमानं अकरा पडदे हातात घेतले, उजेडात धरले. "साच्याची एक कड झिजलीय," ती म्हणाली. "उद्या घासून घेते."

शर्वरीनं टेबलावर नकाशा उघडला. मिरजेला एक नवा ठिपका उजळला, हुबळीला एक. तिनं कुपवाडचा ठिपका विझवला. कुठलीही रेषा मालवली नाही. ती चाचरली, असं कुणाला तोंडावर कसं सांगायचं? "काकी, आता तुम्ही नसलात तरी..."

"काही थांबत नाही," पद्मावतीबाईंनी वाक्य पुरं केलं. आणि त्या हसल्या, इतक्या मोकळ्या की नसीमालाही हसू आलं. त्यांनी तिथूनच त्रिशलाला फोन लावला. "पुढच्या रविवारी येते गं. हो, राहायला. नाही, कुणी बांधून घातलं नाही मला. उलट सगळ्यांनी सोडवलं."

मग डबे उघडले. ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. पद्मावतीबाईंनी चार पानं मांडली. पट्टणशेट्टी आपली पिशवी उचलून दाराकडे निघाले होते. निपाणीची बस पकडायची म्हणत होते.

"पुढची बस आहे," पद्मावतीबाई म्हणाल्या. "बसा."

ते बसले. पद्मावतीबाईंनी त्यांच्या ताटात आधी वाढलं. बारा वर्षं या माणसाच्या नावानं त्यांच्या घशात घास अडायचा. आज अडला नाही. त्यांचा नवरा बरोबर होता हे या माणसानं सांगितलं होतं, आणि ते त्यांना दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

"सावकाश जेवा," त्या म्हणाल्या. "साचा घासला की पुढचा लॉट बघायला पुन्हा यायचंय तुम्हाला. मी नसले तरी."

पट्टणशेट्टींनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला.